आयोडीनमामा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सात नंबरच्या खाटेखाली उताणे पडले होते.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डाची सिस्टर म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. दुपारची वेळ होती. बायका झोपल्या होत्या, पंखे फिरत होते, आणि खाटेखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत काळे पंपशू, वर धोतराचा स्वच्छ काठ. मला वाटलं, कुणाचा तरी सासरा भोवळ येऊन पडला. मी घाईघाईनं खाली वाकले, तर आत पन्नाशीचे एक गृहस्थ हातात छोटं भिंग धरून खाटेच्या लोखंडी पट्टीकडे बघत होते.

"कोण तुम्ही? इथे काय करताय?"

"हळू बोला सिस्टर, बाळं झोपलीत," ते म्हणाले. "ही खाट सरकवताना हात नेमका कुठे धरतात ते बघतोय. जरा सरकवून दाखवता का?"

आणि मी, का कोण जाणे, सरकवून दाखवली.

"बघा. बोटं इथे आली. आणि फडकं इथपर्यंत कधीच आलेलं नाही." ते कपडे झटकत बाहेर आले, डोक्यावरची काळी टोपी सारखी केली आणि मला नमस्कार केला. "मी लॅबोरेटरीत असतो. सगळे मामा म्हणतात."

आमच्या इस्पितळात मामा म्हणायचं ते वॉर्डबॉयला आणि मावशी म्हणायचं ते आयाला, सफाईवालीला. लॅबोरेटरीतल्या असिस्टंटला कुणी मामा म्हटलं असतं तर त्यानं वर तक्रार केली असती. यांना मात्र ते आवडायचं. पूर्ण नाव होतं 'आयोडीनमामा', पण ते त्यांच्या पाठीमागे.

नावाचं कारण मला आठवड्याभरातच कळलं. गिरगावातल्या त्यांच्या घरी पातळांना घालायची तांदळाची खळ व्हायची. त्यातली थोडी पाण्यात सैल करून ते बाटलीत भरून आणत. दुपारी वॉर्डात फिरताना एका बारीक ब्रशनं त्या खळीचे ठिपके लावत, खाटेच्या पट्टीखाली, दाराच्या मुठीमागे, कपाटाच्या खणाच्या कडेला, बेसिनच्या नळावर. ठिपका वाळला की दिसत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळची सफाई झाली की ते यायचे आणि त्याच जागी आयोडीनचा एकेक थेंब सोडायचे. फडकं फिरलं असेल तर थेंब नुसता पिवळट राहायचा. फिरलं नसेल तर खळ उरलेली असायची, आणि डोळ्यांदेखत तिथे शाईसारखा काळानिळा डाग उमटायचा.

डाग उमटला की मामा ओरडत नसत. "अरेरे," एवढंच म्हणत, कुणीतरी आजारी पडल्यासारखं. मग वहीत नोंद करून स्वतःच्या फडक्यानं तो डाग स्वतः पुसत.

पहिल्या आठवड्यात माझ्या वॉर्डात अकरा डाग निघाले. बारावा माझ्या स्वतःच्या टेबलाच्या खणाला. मी चिडले.

"मामा, रोज लायसॉलनं पुसतात. चकचकीत दिसतंय की सगळं!"

"डोळ्याला विचारू नका, सिस्टर. डोळा भिडस्त असतो. समोरच्याला वाईट वाटेल असं तो सांगत नाही."

हे सगळं त्यांनी एका लाकडी पेटीत बसवलं होतं. पेटीला वर पितळी कडी, आत खण. एका खणात खळ, एकात आयोडीन, एकात कापसाचे बोळे गुंडाळलेल्या काड्या. ज्या जागेबद्दल जास्त शंका, तिथे ती काडी फिरवायची आणि लॅबोरेटरीत नेऊन जंतू वाढवायच्या काचेच्या बशीवर ओढायची. दोन दिवस ऊब दिली की बशीवर ठिपके उगवत. फोडांच्या पुवात असतात त्या जंतूंचे ठिपके सोनेरी असतात. अशी बशी घेऊन ते एखाद्या सिस्टरपुढे उभे राहत आणि म्हणत, "तुमच्या नळावर सोनं पिकलंय."

इस्पितळात चालताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत, कशालाही हात लागू नये म्हणून. दार कोपरानं ढकलत. कधी कधी वॉर्डाच्या कोपऱ्यात स्टूल टाकून तास-तासभर नुसते बसून राहत आणि वहीत उभ्या रेघा मारत. मी एकदा विचारलं, काय मोजताय. म्हणाले, "त्या मुठीला सकाळपासून किती हात लागले ते. त्यात एक हात सुपरिंटेंडेंट साहेबांचा. तो सगळ्यांत मळका."

सुपरिंटेंडेंट साहेबांचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. एकदा कुणी बडे पाहुणे इस्पितळ बघायला यायचे होते. आठवडाभर रंगरंगोटी झाली, पितळ घासून आरसा केलं. पाहुणे आले, बघून खूश झाले, साहेबांच्या खोलीत चहा घ्यायला बसले. मामा रोजच्याप्रमाणे फेरीवर होते. ते साहेबांच्या खोलीत शिरले, पाहुण्यांना नमस्कार केला आणि ज्या खुर्चीत ते बसले होते तिच्या हातावर, आदल्या दिवशी लावलेल्या खळीवर, थेंब सोडला. डाग असा उमटला की पाहुण्यांनी हात मागे घेतला.

"अरेरे," मामा म्हणाले.

पाहुणे मोठ्यानं हसले म्हणून निभावलं. साहेब हसले नाहीत.

घरी मात्र सगळंच निराळं. एका हळदीकुंकवाला त्यांच्या पत्नीनं मला बोलावलं होतं. गिरगावातली जुनी वाडी, पूर्वजांनी बांधलेली, आता भावाभावांत वाटून एकेक खोली वाट्याला आलेली. खोलीत पाऊल ठेवलं आणि मी चकित झाले. वर्तमानपत्रांची रद्दी छतापर्यंत, टेबलावर धुळीचा थर, मामांचा कोट खुंटीवर, टोपी मोरीच्या कठड्यावर.

"बघा ना," काकू म्हणाल्या, "इस्पितळात भिंग लावून बघतात. घरी आले की चष्मा काढून ठेवतात. मी म्हटलं, आपल्या खोलीत पण टाका ना तुमचे थेंब. तर म्हणतात, नको, तू दुखावशील."

मामा लाजून हसले आणि मला बसायला जागा करण्यासाठी खुर्चीवरची रद्दी जमिनीवर ठेवली. जमिनीवर आधीचीच होती.

या माणसाला हे वेड लागलं कसं, असं मला नेहमी वाटायचं. काहीतरी मोठं दुःख असेल, एखादं मूल गेलं असेल, असं मी मनाशी धरून चालले होते. एकदा विचारलंच.

"छे," ते म्हणाले. "मुलगा चांगला नागपूरला इंजिनियर आहे. त्याचं असं सिस्टर, मी आधी इस्पितळाच्या ऑफिसात होतो. रोज संध्याकाळी सफाईचं रजिस्टर माझ्याकडे यायचं. 'सर्व वॉर्ड साफ केले' असं लिहिलेलं असायचं, त्याखाली माझी सही. पंधरा वर्षं सही केली. एकदा मनात आलं, आपण एकदाही वॉर्डात जाऊन बघितलेलं नाही. तेव्हा लॅबोरेटरीत जागा मागून घेतली. पगार तेवढाच, हुद्दा खाली. हिला अजून ते पटलेलं नाही."

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. इस्पितळाच्या फाटकाबाहेर रोज काही ना काही चालू असायचं. गोळीबाराच्या दिवसांत ट्राम बंद, बस बंद, जागोजागी संचारबंदी. आमचं राहणं आवारातल्या क्वार्टर्समध्ये, त्यामुळे आम्हा नर्सेसना सुट्टी नव्हतीच. पण मामा गिरगावातून परळपर्यंत चालत आले. गळ्यात इस्पितळाचा पास अडकवलेला, हातात पेटी.

त्या दिवशी अपघात विभागात उभं राहायला जागा नव्हती. माणसं जमिनीवर निजवलेली. सफाईवाले अर्धेच येऊ शकले होते. मामांनी पेटी कोपऱ्यात ठेवली, कोट काढला, धोतर खोचलं आणि बादली उचलली. दिवसभर ते गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. पुसून झालं की पाणी ओतून यायचं, नवं भरायचं, पुन्हा तिथेच. लालबागचा एक पोरगेला कामगार होता, मांडीत गोळी लागलेली. वेदना आली की तो ओरडायचा, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

"होईल रे होईल," मामा खालून म्हणाले. "तू आधी पाय वर घे. मला इथलं पुसू दे."

त्या गर्दीतही दोन-चार माणसं हसली. तो पोरगाही हसला. तो वाचला. पुढे कधीतरी पेढे घेऊन आला आणि फरशी पुसणारे ते बाबा कुठे म्हणून विचारत होता.

मामा निवृत्त झाले आणि मग चारेक वर्षांनी गेले. तेव्हा माझं लग्न होऊन मी पुण्याला होते. कळलं तेही दोन महिन्यांनी. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी ती खुर्चीची गोष्ट सांगते, लोक हसतात, आणि तिथेच थांबते. पण खरं तर मला ते आठवतात ते एका पावसाळ्यामुळे, आणि त्या पावसाळ्याबद्दल मी फारशी कुणाशी बोललेले नाही.

माझ्या वॉर्डात भागीरथी नावाची सफाईवाली होती. घोडपदेवला चाळीत राहायची, नवरा रे रोडला लाकडाच्या वखारीत ओझी उचलायचा. कमी बोलणारी, काटक बाई. माझ्या वॉर्डात पहिल्या आठवड्यात अकरा डाग निघाले होते म्हणून सांगितलं ना, ते दुसऱ्या बाईचे. भागीरथी आली आणि डाग जवळजवळ बंद झाले. मामांना त्याचं फार कौतुक. एकदा माझ्यादेखत त्यांनी तिला विचारलं, "मावशी, तुमच्या खाटा निळ्या होत नाहीत, ते कसं काय?"

"माझी आत्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होती," ती म्हणाली. "ती सांगायची, नाय दिसत तिथं आधी पूस. दिसतंय तिथं कोणपण पुसतंय."

मामांनी ते वहीत लिहून घेतलं. नंतर ते नव्या सफाईवाल्यांना फेरीवर नेत आणि भागीरथी पुसते कशी ते लांबून दाखवत.

त्या वर्षी पाऊस सरत आला असताना आमच्या बाळांच्या खोलीत एका बाळाच्या अंगावर फोड आले. पाण्यानं भरलेले, मग पिवळे. दोन दिवसांनी आणखी दोघांना. औषधं झाली, बाळं वेगळी केली, खोली धुऊन काढली, तरी थांबेना. महिन्याभरात नऊ बाळं आजारी पडली. त्यांतली तीन गेली. तिसरं गेलं तेव्हा त्याच्या आईच्या अंगात दूध उतरून दुखत होतं आणि ती मला विचारत होती, सिस्टर, या दुधाचं आता काय करू.

वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या आणि इस्पितळात धावपळ उडाली. कुणाची तरी चूक सापडायला हवी होती. मेट्रननी मला खोलीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. बाळांच्या खोलीची सफाई समाधानकारक नव्हती, वारंवार सूचना देऊनही संबंधित सफाई कामगारात सुधारणा झाली नाही, असं त्यात होतं. खाली वॉर्ड सिस्टरची सही.

"मी अशी सूचना कधी दिली नाही," मी म्हटलं.

"मग चौकशी तुमची होईल," मेट्रन म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनाही वरून सांगितलेलं होतं.

दादरला माझे वडील नुकतेच अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. मी सही केली.

भागीरथीला कामावरून काढलं. चौकशीच्या वेळी मामा बिनबोलावता आत गेले आणि वही उघडून म्हणाले, "या बाईंच्या कामात वर्षभरात दोनदा डाग आला. फक्त दोनदा. इतकं चांगलं काम इस्पितळात कुणाचं नाही." साहेब म्हणाले, तुमचा खळीचा खेळ म्हणजे पुरावा नव्हे. मामा बाहेर आले. माझ्या सहीबद्दल त्यांना ठाऊक होतं. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

भागीरथी गेली, आणि दहा दिवसांनी दहाव्या बाळाला फोड आले.

मग मामा आमच्या वॉर्डात ठाण मांडूनच बसले. नळ, वजनकाटा, दुपटी, पाळण्यांच्या कडा, दाराच्या मुठी, आमच्या नखांच्या कडा, सगळ्याचे नमुने घेतले. बशा कोऱ्या निघाल्या. ते तीन दिवस स्टुलावर बसून रेघा मारत होते, कोण काय हातात घेतं, कुठे ठेवतं. चौथ्या दिवशी उठून गेले. आणि मग एका संध्याकाळी चहाच्या वेळी माझ्या टेबलापाशी आले आणि एक बशी कागदावर ठेवली. ती सोनेरी ठिपक्यांनी भरून गेली होती.

"सापडलं," ते म्हणाले. चेहरा असा होता की मी उठून उभी राहिले.

"कुठलं आहे हे? नळ?"

"माझी पेटी. पेटीचा तळ."

मला कळेना. ते स्टुलावर बसले.

"दर मंगळवारी मी आधी वर जातो, पू झालेल्या जखमांच्या वॉर्डात. तिथे वाकून बघायचं म्हणून पेटी जमिनीवर ठेवतो. मग तिथून तुमच्याकडे येतो. इथे आलो की पेटी कुठे ठेवतो, सिस्टर?"

मी बाळांच्या खोलीकडे पाहिलं. बाळाला आंघोळ घातली की ज्या लांब टेबलावर आम्ही ते दुपट्यात गुंडाळायचो, त्या टेबलाच्या टोकाला. दर मंगळवारी मीच तिथली दुपटी बाजूला सारून त्यांच्या पेटीला जागा करून देत होते.

"ते टेबल रोज सकाळी पुसलं जातं," मी म्हटलं.

"सकाळी. मी येतो दुपारी." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "सगळ्या इस्पितळातल्या वस्तूंची खालची बाजू बघितली मी. ही एक राहिली."

"मामा, तुम्ही काही मुद्दाम केलं नाही."

"मुद्दाम कोण करतं, सिस्टर?"

मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. आवाज नाही, हुंदका नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि पाणी वाहत होतं. मी बायकांची बाळंतपणं केली होती, मरणं पाहिली होती, पण त्या वेळी काय करावं ते मला सुचेना. मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवसापासून पेटी वॉर्डात आली नाही. नवं बाळ आजारी पडलं नाही. त्यांच्या लॅबोरेटरीतले डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं सिद्ध होत नाही, दुसरंही कारण असू शकेल. साहेब तर म्हणाले, साथ थांबली, विषय संपला, तुम्ही आता कशाला अंगावर ओढवून घेता? मामांनी चार पानं स्वतःच्या अक्षरात लिहिली. कधी, कुठे, पेटी कशी ठेवली, सगळं. शेवटी लिहिलं की सफाई कामगार भागीरथी हिचा यात काहीही दोष नाही. आणि खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. कागद स्वीकारला जात नाही असं दिसल्यावर ते साहेबांच्या दाराबाहेर बाकावर दोन दिवस बसून राहिले. तिसऱ्या दिवशी कागद आत घेतला गेला.

त्याचा निकाल असा लागला की मामांची फेरी कायमची बंद झाली. त्यांना तळघरात लॅबोरेटरीची काचेची भांडी धुण्यावर घातलं. भागीरथीला कामावर हजर होण्याचं पत्र गेलं.

भागीरथी आली नाही. आठवडा गेला, दोन गेले. एका शनिवारी मामा क्वार्टर्सच्या फाटकाशी आले. "उद्या मी घोडपदेवला जातोय. येता का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणायचं ते मला कळलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही भायखळ्याहून चालत निघालो. मामांनी इस्त्रीचा कोट घातला होता. चाळ तीन मजली, तिच्या दुसऱ्या मजल्यावर भागीरथी गॅलरीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला पाहून ती उठली नाही.

"भागीरथीबाई," मामा उभ्यानंच म्हणाले. इस्पितळात ते तिला नेहमी मावशी म्हणत. "तुमची चूक नव्हती. तो रोग माझ्या पेटीच्या तळातून आला. मी तसं लिहून दिलंय."

ती खडे वेचत राहिली. "पत्र आलंय. पोरानं वाचून दाखवलं. कामावर या म्हणतात. चूक कोणाची ते नाय लिवलंय त्यात."

"नाही लिहिलं. मला माहीत आहे."

"त्या पोरांच्या आयांना सांगितलं?"

"दोघींना सांगितलं. एक लालबागला, एक चिंचपोकळीला. तिसरी गावी गेली, पत्ता मिळत नाही."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "काय म्हणाल्या?"

"एक काही बोलली नाही. दुसरीच्या नवऱ्यानं दार लावून घेतलं."

भागीरथीनं सूप खाली ठेवलं.

"मामा, कामाचं मला काय नाय. काम कुठंपण मिळंल. पण ह्या चाळीत पेपर येतो. समद्यांना ठाऊक झालं. नळावर माझी कळशी मागं सारतात. पोरं मारलीन हिनं, म्हणतात. माझ्या धाकटीला कोण खेळात घेत नाय. आता ते पत्र काय मी गळ्यात अडकवून फिरू?"

मामांनी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहिलं. मग ते जिन्यापाशी परत गेले आणि पहिल्या दाराची कडी वाजवली. दार उघडलं. दाढीला साबण लावलेला एक माणूस बाहेर आला.

"मी इस्पितळातून आलो," मामा म्हणाले. "तुमच्या शेजारच्या भागीरथीबाईंवर आळ आला होता. तो खोटा होता. चूक माझी होती. माझ्या हातून झालं ते."

तो माणूस बघतच राहिला. मामांनी नमस्कार केला आणि दुसऱ्या दाराची कडी वाजवली. पुन्हा तेच शब्द, तसेच, एकही कमी न करता. मग तिसरं दार. पोरं जमली. कुणीतरी विचारलं, "बुवा, तुम्ही कशाला सांगत फिरताय?" ते म्हणाले, "ऐकून घ्या, एवढंच," आणि पुढे गेले.

मी कठड्याला धरून उभी होते. भागीरथी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. नुसतं बघत होती.

मी चालत गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेले. शेवटच्या दारात एक म्हातारी मिश्री लावत बसली होती.

"मी भागीरथीबाईंच्या वॉर्डाची सिस्टर," मी म्हटलं. "त्यांच्याविरुद्धच्या कागदावर सही माझी आहे. कागद खोटा होता. सही करताना मला ते माहीत होतं."

म्हातारीनं बोट तोंडातून काढलं. "मग क्येलीस कशाला?"

"भ्याले," मी म्हटलं.

मी पुढच्या दाराशी गेले. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, ते गेलं नाही. तिसऱ्यांदाही नाही. पलीकडून मामांचा आवाज ऐकू येत होता, अलीकडे माझा. चाळीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. असे दोन बाजूंनी येत आम्ही भागीरथीच्या दारासमोर आलो, तेव्हा ती उठून उभी राहिली होती.

"बास झालं आता," ती म्हणाली. "आत या दोघं."

सोमवारी सकाळी सात वाजता ती कामावर आली. वॉर्डात येण्याआधी ती तळघराच्या पायऱ्या उतरून मामांकडे गेली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं वर आली, माझ्याकडे न बघता नळाखाली बादली लावली, पदर खोचला, आणि बादली भरत असताना म्हणाली,

"सिस्टर, मामांना भांडी धुवाय येत नाय. दाखवून आले."